महादेवीला दिसलेला ठिपका

महादेवी गेली तो श्रावणातला सोमवार होता, हे मला माझ्या धाकट्या भावाने सांगितलं. मला वाराचं भान नव्हतं. परभणीच्या दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मी मानवतला घरी फोन लावला आणि म्हणालो, "शिवप्रकाश, तुझी वहिनी गेली."

 तो म्हणाला, "अण्णा, आज श्रावणी सोमवार हाय. वहिनी लिंगैक्य झाल्या. असं मरण किती जणांना भेटतं, सांगा."

मी फोन बंद केला. तो समोर असता तर मी त्याला मारलं असतं. मोठ्या भावाने पन्नाशीच्या भावाला मारणं शोभत नाही, हे मला कळतं. तरी मारलं असतं.

दुपारी तिथल्या तरुण डॉक्टरने मला खोलीत बोलावलं. मेंदूत रक्तस्राव झाला हे त्याने आधीच सांगितलं होतं. आता तपासणीचा मागे राहिलेला रिपोर्ट आला होता. तो म्हणाला, अंगात बी-बारा नावाचं जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. ते नसलं की रक्त तयार होत नाही. लाल रक्तही उतरतं आणि रक्त थांबवणाऱ्या पेशीही उतरतात. मग आत कुठेही रक्त सुटतं. आधी डोळ्यांत सुटलं, मग डोक्यात.

"घरी दूध मिळत न्हाई का, काका?"

"घरची म्हैस आहे."

"मग?"

"तिनं सोडलं होतं. दूध, दही, ताक, तूप, सगळं."

"सोडलं म्हणजे? पचत नव्हतं?"

"नेम केला होता."

त्याने हातातला रिपोर्ट टेबलावर ठेवला. म्हणाला, "तुमच्याकडं मांसमच्छी न्हाई. दूधही बंद. म्हणजे हे मिळायचा रस्ताच बंद. महिनाभर आधी आला असता तर इंजेक्शनावर भागलं असतं."

मी हे लिहितोय ते महादेवीसाठी नाही. तिचं आता काही होणार नाही. आमच्या घरात आणखी एका बाईने तोच नेम केलेला आहे, त्याच दिवशी, त्याच देव्हाऱ्यापुढे. ती शिवप्रकाशची बायको, वैजयंती. तिचं रक्त तपासलं पाहिजे. एवढीच गोष्ट आहे, आणि ती मला करता येत नाहीये.

नेम कसा झाला ते सांगतो. पाच वर्षांमागे शिवप्रकाशच्या मुलीला, अनुपमाला, डेंगू झाला. आठ वर्षांची पोर. पेशी उतरत चालल्या. डॉक्टर म्हणाले, आज-उद्याचं काही सांगता येत नाही. त्या संध्याकाळी घरी दोघी जावा देव्हाऱ्यापुढे बसल्या आणि पोर वाचली तर आवडीची वस्तू जन्मभर सोडू असं बोलल्या. आमच्याकडे लोक असं काही ना काही सोडतात. कुणी कारलं सोडतो, कुणी वांगं. आमच्या शेजारच्या किशनरावांनी फणस सोडलाय, आणि मानवतला फणस कधी पाहिलाय त्यांनी! पण महादेवीला कवडी दही जिवापाड आवडायचं. ती म्हणाली, सोडायचं तर खरं सोडायचं, दुधापासून तुपापर्यंत सगळं. वैजयंती म्हणाली, अक्का सोडतील ते मी सोडीन. दुसऱ्या दिवशी पेशी वाढल्या. पोर घरी आली. तेव्हापासून दोघी कोरा चहा प्यायल्या आणि भाकरी पातळ वरणात कुस्करून खाल्ली.

आमचं सरकी-ढेपेचं दुकान आहे. आसपासच्या सगळ्या म्हशी आमच्याकडची ढेप खातात आणि दूध देतात. आमच्या घरातल्या दोन बायका तेवढ्या दुधाला शिवत नव्हत्या.

दीड-दोन वर्षांपासून महादेवी थकायला लागली. जिना चढली की पायरीवर बसायची. जीभ लाल, गुळगुळीत, तिखट सोसेना. पायाला मुंग्या. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि ही तशीच पुढे जायची. चेहरा पांढुरका, जरा पिवळट पडला. त्याला आमच्या पाहुण्यारावळ्यांनी काय म्हणावं? तेज! "महादेवीबाईच्या तोंडावर नेमाचं तेज आलंय." प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात हेच ऐकलं. रक्त संपत चाललेल्या बाईला लोक तेजस्वी म्हणत होते आणि ती लाजून पदर सारखा करत होती.

या श्रावणात एके सकाळी ती पूजेला बसली होती. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. आंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, आणि मग तळहात डोळ्यांसमोर धरून नजर न हलवता त्याच्याकडे बघत बसायचं. महादेवी बराच वेळ बसायची. त्या दिवशी तिने आतून हाक मारली.

"अहो, जरा या हिकडं. लिंगात मधोमध तांबडं दिसायलंय."

मी गेलो. तिच्या तळहातावर काळंभोर गुळगुळीत लिंग होतं. तांबडं काही नव्हतं.

"कुंकू लागलं असंल."

"कुंकू न्हाई हो. आत हाय. वाटुळं हाय. कालधरनं दिसायलंय."

"समोर भिंतीकडं बघ."

तिने चुन्याच्या भिंतीकडे बघितलं. बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "भिंतीवर बी हाय."

मला तिथेच कळलं की ठिपका लिंगात नाही, डोळ्यात आहे. हे कळायला काही शिक्षण लागत नाही. पण तोवर वैजयंती दारात आली होती. तिने पहिलं वाक्य ऐकलं होतं, भिंतीचं ऐकलं नव्हतं. ती रडायलाच लागली. "अक्का, तुमाला दिसलं! तुमाला दर्शन झालं!" आणि तिने वाकून महादेवीच्या पायाला हात लावला. शिवप्रकाश दुकानातून आला. दुपारपर्यंत आळीतल्या बायका आल्या.

मी ओरडलो, "तिला भिंतीवर बी तसंच दिसतंय!"

शिवप्रकाश म्हणाला, "मंग? शिव सगळीकडंच हाय की, अण्णा."



गुरुवारी मी महादेवीला एसटीने परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर धम्मशीला म्हणून बाई आहेत. त्यांनी थेंब घातले, तासभर बसवलं आणि दिवा लावून दोन्ही डोळ्यांच्या आत बघितलं. मग तिची खालची पापणी बोटाने ओढून मला दाखवली. "हे आत तांबडं असायला पाहिजे. बघा कसं आहे." आत चुन्यासारखं पांढरं होतं. इतकी वर्षं मी त्या डोळ्यांकडे बघत होतो, पापणी ओढून कोण बघतो?

बाई म्हणाल्या, "दोन्ही पडद्यांवर ठिकठिकाणी रक्त सांडलंय. उजव्या डोळ्यात अगदी नजरेच्या मध्यावर सांडलंय, म्हणून त्यांना ठिपका दिसतो. काही डागांच्या मधे पांढरं आहे. हा डोळ्याचा आजार नाही, रक्ताचा आहे. कुठला, ते रक्त तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाही. पण आज तपासा. समोरच लॅब आहे. उद्यावर टाकू नका, जे डोळ्यात झालं ते डोक्यात होऊ शकतं."

इतकं स्वच्छ सांगितलं. माझ्यासारख्या सरकी मोजणाऱ्याला कळलं.

आम्ही रस्ता ओलांडत होतो तेवढ्यात शिवप्रकाशचा फोन आला. मठाचे महाराज शनिवारी मानवतला येणार, आपल्या घरी पूजा ठरली, वहिनींना महाराजांच्या शेजारी बसवायचं आहे, आज संध्याकाळी मठातले लोक बोलणी करायला येतायत, तुम्ही लगेच निघा. मी म्हणालो, रक्त तपासून येतो. तो म्हणाला, "कुण्या बाईनं सांगितलं? ती धम्मशीला? तिला लिंगातलं काय कळतंय, अण्णा? त्यांच्यात असतं का हे?"

"तिला डोळ्यातलं कळतंय," मी म्हणालो.

महादेवीने सगळं ऐकलं. थेंबांमुळे तिला ऊन सोसत नव्हतं, पदर डोळ्यांवर धरून ती लॅबच्या पायरीशी उभी होती.

"सोमवारी येऊ," ती म्हणाली.

"बाईनं आज सांगितलंय."

"आज तपासलं अन् काय निघालं तर तुमी मला शनिवारी बसू देचाल का? खरं सांगा."

"न्हाई."

"मंग सोमवारीच येऊ. साऱ्या जन्मात मला कुणी पाटावर बसवलं न्हाई. स्वयपाकघरात बसवलं. एक डाव बसू द्या."

आणि ती बसस्टँडच्या दिशेने चालायला लागली. चप्पल निसटली ती मी उचलून घेतली.

लोक मला आता म्हणतात, बसवंतराव, तुम्ही ओढून न्यायला पाहिजे होतं. ती काही सरकीचं पोतं नव्हती. मला तिचा राग येतो. मेलेल्या बायकोचा राग येतो हे ऐकून लोकांना कसंतरी होतं. होऊ दे. ती माझ्यासाठी थांबली नाही, पाटासाठी थांबली.

शनिवारी दारापुढे फ्लेक्स लागला. त्यावर महादेवीचा हात जोडलेला फोटो, खाली 'इष्टलिंगात दर्शन लाभलेल्या पुण्यवान माता', आणि त्याखाली महादेवीपेक्षा मोठा शिवप्रकाशचा फोटो. ती पाटावर बसली. बायका ओळीने पाया पडत होत्या. तिचं डोकं दुखत होतं, ती सारखी कपाळ दाबत होती. बायकांना वाटलं, ध्यान लागलंय. मग ती एका बाजूला कलली आणि तिला उलटी झाली. तेव्हाही कुणीतरी म्हणालं, अंगात आलं. मी तिला उचलून गाडीत घातलं. परभणीत रक्त चढवलं, इंजेक्शनं दिली. सोमवारी ती गेली.

आमच्या रीतीप्रमाणे तिला बसवून, हातात लिंग देऊन माती दिली. घरी आलो तर फ्लेक्स तसाच होता. फक्त 'पुण्यवान माता'वर 'लिंगैक्य' अशी चिठ्ठी चिकटवली होती. मी तो ओढून काढला आणि शिवप्रकाशच्या फोटोमधून फाडला. पाहुणे बघत होते.  शिवप्रकाशला वाटलं, दुःखाने करतोय.

मग मी वैजयंतीकडे बघायला लागलो. आधी कधी बघितलं नव्हतं, भावाच्या बायकोकडे कोण बघतो? ती जिन्यात बसत होती. जेवताना तिखट बाजूला सारत होती. एकदा अंगणातून आत आली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरी मागे दारात पडली होती. तिला माहीतच नव्हतं. 

मी तिला स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "वैजयंती, तुला काय दिसतं का डोळ्यापुढं? ठिपका, डाग?"

तिने मान खाली घातली. "न्हाई भाऊजी. रोज बसते मी, अक्का बसायच्या तितकाच वेळ. माझं एवढं कुठलं भाग्य."

ती वाट बघत होती. महादेवीला मरायच्या आधी जे दिसलं, त्याची ही रोज सकाळी वाट बघत होती.

मी तिला सगळं सांगितलं. बी-बारा, पेशी, पडद्यावरचं रक्त. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "रक्त तपासलं तर डॉक्टर दूध घ्या म्हनतील."

"म्हनले तर म्हनले. इंजेक्शन घे. ते दुधापासून बनत न्हाई, कुठल्या जनावरापासून बी न्हाई. मी धम्मशीला बाईला विचारून आलोय."

"दुधातलंच जीवनसत्त्व सुईनं घ्यायचं. म्हंजे दूधच घेतलं की. तोंडानं घेतलं का दंडातनं, शिवाला काय कळत न्हाई का?" आणि मग आवाज अगदी बारीक करून, "नेम मोडला अन् अनुपमाला काय झालं तर?"

शिवप्रकाशशी दुकानात बोललो. गिऱ्हाईक होतं, आश्रुबा म्हणून कोल्हा गावचा शेतकरी, ढेप घ्यायला आला होता. मी त्याच्यासमोरच बोललो.

"तुझ्या बायकोचं रक्त तपासायचंय. उद्या."

"अण्णा, तुमाला सध्या सगळीकडं आजारच दिसायलाय."

"तुझी वहिनी मेली."

"वहिनीचं आयुष्य तेवढंच होतं."

"आयुष्य होतं. बी-बारा नव्हतं."

आश्रुबा म्हणाला, "मालक, आमची म्हैस थकली तर आमी आधी डॉक्टर बोलावताव. मंग देव." शिवप्रकाश त्याच्यावर खेकसला, "तुला ढेप घेयाची का कीर्तन करायचंय?" आश्रुबा म्हणाला, "ढेपच द्या. म्हैस वाट बघायलीय," आणि पोतं खांद्यावर घेऊन निघाला.

तो गेल्यावर शिवप्रकाशचा सूर बदलला. गादीवर बसून तो म्हणाला, "अण्णा, तुमी होताव तिथं. डॉक्टरनं हात टेकले होते. ह्या दोघींनी रात्री दूध सोडलं अन् सकाळी पेशी वाढल्या. तुमीच रिपोर्ट आणला होता. आता मी माझ्या हातानं ते मोडू? माझ्या पोरीवर?"

मी म्हणालो, पेशी सलाइनने वाढल्या, दवाखान्याने वाढल्या, डेंगू उतरला की त्या आपोआप वाढतात. त्याला माहीत होतं. तरी 'माझ्या पोरीवर?' हेच तो परत परत म्हणत होता. मला त्याची कीव येऊ लागली आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्याच्या पोरीसाठी माझ्या बायकोने दूध सोडलं. तिचं देणं फिटलं, ती गेली. आता तो स्वतःच्या बायकोलाही त्याच खात्यात घालायला निघाला होता, आणि त्याला मी कीव दाखवायची?

मी महाराजांकडे गेलो. पालमच्या पुढे त्यांचा मठ आहे. जाताना ठरवलं होतं की चार शब्द सुनावायचे. म्हातारे माणूस, ओसरीवर एकटे बसले होते. मी पाया पडलो नाही.

"महाराज, माझ्या बायकोला दर्शन झालं असं तुमी म्हणालात का?"

"मी न्हाई म्हणालो. तुमच्या भावानं मला सांगितलं, मी आशीर्वाद दिला. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय, हे मला कुणी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर मी तिला पाटावर बसवलं नसतं."

"पण दर्शन झालं न्हाई, असं बी तुमी म्हणाला न्हाईत. एवढ्या बायका पाया पडत होत्या. तुमी शेजारी बसून होताव."

 "तसं बी म्हणालो न्हाई," ते म्हणाले. "लोकांना आनंद झाला होता." त्यांनी हात जोडले. त्या हात जोडण्याचं मी काय करू? मी तेही त्यांना विचारलं. 

मग मी कामाचं विचारलं. नेम सोडवता येतो का? ते म्हणाले, येतो. जिवावर बेतणारा नेम शास्त्र धरतच नाही. मी संकल्प सोडवून देतो, दुसरा साधा देतो, मुलीला काही होत नाही, ही जबाबदारी माझी. "पण ज्यानं घेतला त्यानं येऊन मागावं लागतं. मी तिच्यावर लादू शकत न्हाई. तुमीपण न्हाई."

हे मी घरी येऊन वैजयंतीला सांगितलं. मला वाटलं, आता झालं. तिने विचारलं, "अक्कानं सोडवून घेतला होता का?"

"न्हाई."

"मंग मी कशी घेऊ? त्यांनी शेवटपर्यंत पाळला. मी सोडला तर लोक म्हनतील, जावेनं जीव दिला अन् हिनं दही खाल्लं."

"लोकांना मी बघतो."

"तुमी एक फ्लेक्स फाडला, भाऊजी. लोक किती फाडचाल?"

परवा मी लॅबमध्ये रक्त काढून घेणाऱ्या बालाजीलाच घरी आणलं. म्हटलं, इथेच सुई टोचू, दंड धरायला मी आहे. शिवप्रकाश दारात आडवा उभा राहिला. "ये बालाजी, बस. चहा घे अन् जा." बालाजी जुना ओळखीचा, त्याने वातावरण हलकं करायला विचारलं, "चहा दुधाचा का कोरा?" कुणी हसलं नाही. वैजयंती आतल्या खोलीत गेली आणि तिने कडी लावली. मी दार ठोठावलं. भावाच्या बायकोचं दार मी आयुष्यात कधी ठोठावलं नव्हतं. "वैजयंती, दंड नुसता बाहेर काढ," मी म्हणत होतो. आतून तिच्या पूजेच्या भांड्याचा आवाज आला. 

शिवप्रकाश म्हणाला, "वहिनीचं पहिलं पुण्यस्मरण होऊ द्या. मंग बघू."

पुण्यस्मरण म्हणजे पुढचा श्रावण. महादेवीही 'सोमवारी येऊ' म्हणाली होती, ती शनिवारीच कोसळली.

मी म्हणालो, "तिला काय झालं तर मी तुला माती द्यायला सुद्धा येणार न्हाई." तो म्हणाला, "अनुपमाला काय झालं तर तुमी जबाबदार राहचाल का?" मी म्हणालो, राहीन. लिहून देतो. त्याला लिहिलेलं नको होतं.

बालाजी त्याची पेटी घेऊन गेला. आज सकाळी वैजयंती पुन्हा तळहात डोळ्यांसमोर धरून बसली होती. मी दारातून बघितलं आणि दुकानात आलो. दुकान चालू आहे, म्हैस दूध देते आहे. महाराज कधीही या म्हणतात, धम्मशीला बाई कधीही आणा म्हणतात. नेम सोडवलेला नाही. वैजयंतीचं रक्त अजून तपासलेलं नाही.